दुसऱ्याच्या हातातून आलेली रॅकेट : तुमचे अनुभव लिहा

काल मुलीच्या टेनिस रॅकेटची झिजलेली ग्रिप उलगडत होतो. शेवटचा वेढा सुटला तेव्हा मुठीच्या वरच्या टोकाशी शिशाच्या पट्टीचे चार तुकडे, एकावर एक काळजीपूर्वक चिकटवलेले, दिसले. ही रॅकेट आम्ही दोन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली होती आणि तिच्या पोटात असे काही दडले असेल याची आम्हाला कल्पनाही नव्हती. कोणा अनोळखी खेळाडूने किती दिवस प्रयोग करून ते वजन ठरवले असेल, या विचाराने मी बराच वेळ त्या तुकड्यांकडे पाहत बसलो.

आणि मग माझी स्वतःची पहिली वापरलेली रॅकेट आठवली. पीट सॅम्प्रसने १४ ग्रँड स्लॅम विजेतेपदे ८५ चौरस इंचांच्या लहानशा डोक्याच्या रॅकेटने मिळवली, म्हणून मलाही तेवढ्याच डोक्याची हवी होती. मिळाली, रंग शाबूत होता, अक्षरे ठळक होती, आणि मी तेवढेच पाहिले. तिसऱ्या महिन्यात चेंडूचा आवाज बदलला. भरीव ठोक्याऐवजी तडकलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज येऊ लागला. बंपरची, म्हणजे डोक्याच्या टोकाला घासण्यापासून जपणारी प्लॅस्टिकची पट्टी उचलली तर खाली दोन सेंटिमीटर लांबीचा तडा होता, आणि तो जुना होता, कारण मी कधीही मातीच्या कोर्टवर खेळलो नव्हतो, तरी त्याच्या कडांत लाल धूळ बसलेली होती. मडके आपण वाजवून घेतो, पण रॅकेटही वाजवून घ्यायची असते हे मला कोणी सांगितले नव्हते.

तुम्ही वापरलेली, वरच्या दर्जाची रॅकेट घेतली असेल, तर काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, ते सविस्तर लिहावे.

* * *

मी बरीच वर्षे गटिंगचे, म्हणजे रॅकेटमध्ये तारा ओवून ताणण्याचे काम करतो, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहावेसे वाटते. फ्रेमचे तोंड घड्याळ समजा. टोक म्हणजे १२ आणि मुठीकडची बाजू म्हणजे ६. तडे बहुतेक वेळा १० आणि २ वाजण्याच्या जागी सापडतात, कारण खाली वाकून चेंडू घेताना जमिनीवर घासते ती हीच जागा. तेथे अंगठ्याचे नख हलकेच फिरवावे. रंगावरचा ओरखडा असेल तर नख घसरून पुढे जाते, तडा असेल तर ते अडकते. अडकले, तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून दाबावे, म्हणजे रेघ उघडते का ते कळते. नंतर फ्रेम कानाजवळ धरून पिळावी आणि कुरकुर येते का ते ऐकावे. मुठीत काहीतरी खुळखुळत असेल तर मात्र घाबरू नये, पुष्कळदा तो सुटलेल्या गोंदाचा कण असतो.

रॅकेट आपटली नसली तरी ती दुखावू शकते. एक तार तुटल्यावर उरलेल्या तारा तशाच ठेवल्या, तर फ्रेमवर सगळीकडून सारखा असलेला ताण एका बाजूला झुकतो आणि कार्बनची कडी हळूहळू वाकडी होते. म्हणून तार तुटताच उरलेली जाळी मध्यापासून बाहेरच्या दिशेने कापून टाकावी. विकणाऱ्याला मी नेहमी हा एकच प्रश्न विचारतो, की तार तुटल्यावर रॅकेट किती दिवस तशीच पडून होती. उत्तर देताना तो अडखळला, तर मी ती रॅकेट घेत नाही.

आणि ग्रोमेट, म्हणजे तारांच्या छिद्रांत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या, पाहाच. बंद झालेल्या मॉडेलचे ग्रोमेट मिळेनासे होतात, आणि ग्रोमेट फाटले की तार थेट छिद्राच्या कडेवर घासते. अशा अवस्थेत कितीही उत्तम फ्रेम असली तरी मी तिला हात लावत नाही.

* * *

पिळून पाहण्याबद्दल आभार, आत्ताच घरातल्या दोन्ही रॅकेटी पिळून पाहिल्या. एक कुरकुरते आहे. उद्या नीट पाहीन, आज मन होत नाही.

* * *

वर ज्यांची रॅकेट कुरकुरते आहे त्यांनी धीर सोडू नये. बऱ्याचदा ग्रोमेटच तारेवर घासून तसा आवाज करतात. तारा काढून पुन्हा पिळून पाहा, म्हणजे खात्री होईल.

माझी चूक मुठीची. साडेचार इंचांची मूठ घेतली, माझ्या हाताला सव्वाचार लागते. ओव्हरग्रिपचा, म्हणजे ग्रिपवरून गुंडाळायच्या पातळ पट्टीचा, एक थर लावून मूठ वाढवता येते, पण आतला साचा कमी करणे सोपे नसते. दोन महिने मी बोटे आवळून खेळलो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येऊ लागला. शिवाय मी डावखुरा आहे आणि ग्रिप उजव्या हाताच्या वळणाने गुंडाळलेली होती, त्यामुळे तिच्या कडा माझ्या पकडीत उलट्या येऊन सुटत राहिल्या. ते निदान एका ग्रिपच्या बदलाने मिटले.

* * *

हात भरून येण्याचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. मला टेनिस एल्बो झाला आणि मी दोष फ्रेमला देत राहिले. फ्रेम कडक होती, कडकपणाचा आकडा ७० च्या वर, हे खरे आहे. पण तिच्यात पॉलिएस्टरच्या तारा होत्या, त्याही ५६ पाउंडांच्या ताणावर ओढलेल्या आणि किती जुन्या ते माहीत नाही. पॉलिएस्टर लवकर तुटत नाही, परंतु तुटण्याच्या फार आधी त्याची लवचीकता संपते, आणि मग प्रत्येक फटक्याचा हादरा हातापर्यंत पोहोचतो. नंतर मऊ नायलॉनच्या तारा ५० पाउंडांवर लावून घेतल्या आणि विश्रांतीनंतर त्याच फ्रेमने पुन्हा खेळू शकले. वापरलेल्या रॅकेटबरोबर आलेल्या तारांनी मी आता एकही सामना खेळत नाही, त्या आधी कापते.

* * *

बनावट रॅकेटीबद्दल कोणी लिहिले नाही. माझ्या फ्रेमवर तारांशिवाय ३०५ ग्रॅम छापलेले होते आणि काट्यावर ती तारांसकट २९६ भरली. खऱ्या रॅकेटींतही काही ग्रॅमांचा फरक असतो, परंतु तारांचेच साधारण १६ ग्रॅम धरले तर ही तूट समजण्यासारखी नव्हती. छोटा काटा बरोबर नेणे हाच माझा सल्ला.

* * *

काटा पुरत नाही. दोन सारख्या रॅकेटी हव्यात म्हणून मी त्याच मॉडेलची दुसरी वापरलेली घेतली. दोन्हींचे वजन एका ग्रॅमच्या आत सारखे, तरी दुसरी सर्व्हिसला जड जायची. वजन कोठे वाटले गेले आहे यावर फिरवतानाचा जडपणा ठरतो. पहिलीच्या डोक्यात ३ आणि ९ वाजता थोडे शिसे आणि दुसरीच्या मुठीत तेवढीच भर, असे करत दोन्हींची जोडी जुळवायला मला तीन आठवडे लागले. फेडररनेही २०१४ मध्ये ९० वरून ९७ चौरस इंचांच्या डोक्याकडे जाण्याआधी दीर्घकाळ चाचण्या केल्या होत्या, तेव्हा आपणही घाई का करावी?

* * *

सर्वांचे मनापासून आभार. वाचता वाचता मीही काटा काढला. छापील ३००, तारा आणि ओव्हरग्रिप धरून फार तर ३२२ भरायला हवी होती, ती ३३४ भरली. शिसे काढून आज मुलीला खेळायला दिली. तिला काहीही सांगितले नव्हते. पाचव्या व्हॉलीनंतर ती जाळ्यापाशी थांबली, रॅकेट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, हिला काय केलंत? हातात राहतच नाही." घरी येऊन चारही तुकडे होते त्याच जागी, होते त्याच क्रमाने परत चिकटवले आणि वरून नवी ग्रिप गुंडाळली.