मदत हवी आहे: दुचाकींच्या गर्दीत सिग्नलसाठी कोणता सेन्सर?

नमस्कार मंडळी. आमच्या डिप्लोमाच्या मुलांनी शेवटच्या वर्षासाठी सांगलीतल्या एका चौकाचा प्रकल्प घेतलाय. रांग पाहून हिरव्या दिव्याचा वेळ आपोआप कमी-जास्त करायचा. मुलं मनापासून कामाला लागली आहेत, त्यामुळे मला नीट माहिती हवी आहे.

अडचण मोजणीत आहे. वाहतूक पाहून सिग्नलचा वेळ ठरवणाऱ्या दोन जुन्या प्रणाली आहेत: सिडनीची स्कॅट्स थांबरेषेजवळच्या सेन्सरवर चालते, ब्रिटनची स्कूट रेषेच्या बऱ्याच मागे बसवलेल्या सेन्सरवर. दोन्ही १९७०च्या दशकातल्या, लेन पाळणाऱ्या वाहतुकीत घडलेल्या. त्यांचा नेहमीचा सेन्सर म्हणजे डांबरात पुरलेलं तारेचं वेटोळं: त्यावर गाडी आली की त्याचं इंडक्टन्स (तारेचा एक विद्युत गुणधर्म) बदलतं आणि गाडी मोजली जाते. आपल्याकडे मोटारीच्या दोन्ही बाजूंनी स्कूटर शिरतात, थेट रेषेपुढे जाऊन उभ्या राहतात. त्या वेटोळ्याला कशा कळणार? आणि रस्ता खोदला की तार तुटलीच!

म्हणून माझा कल कॅमेऱ्याकडे आहे. पण पावसाळ्यात रात्री ओल्या रस्त्यावर हेडलाइटचा उजेड पसरतो, तेव्हा मोजणी कितपत टिकते? साधं डॉप्लर रडार (रेडिओ लहरी सोडून हालचाल टिपणारं) पावसात चालतं, पण थांबलेली गाडी त्याला दिसत नाही, आणि आम्हाला तर थांबलेलीच रांग मोजायची आहे.

गाड्या मोजण्याऐवजी रस्त्याचा किती भाग व्यापलाय एवढंच धरलं तर भागेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कॅमेरा किती उंचीवर लावला तेही सांगा. पादचाऱ्यांचा वेळ मात्र कमी करायचा नाही, हे नक्की ठरवलंय.