सध्या कोणती कादंबरी वाचून राहिलात? आजीला मोठ्यानं वाचून दाखवायला पुढची सुचवा

बर्डी_ते_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. ऑफिस हिंगण्याकडे असल्यामुळे माझा रोज मेट्रोचा प्रवास असतो. बसायला जागा मिळाली की पिशवीतून कादंबरी काढते. सध्या उद्धव शेळक्यांची 'धग' वाचून राहिली आहे. खरं तर दोनदा वाचून राहिली आहे, एकदा मेट्रोत मनात आणि एकदा रात्री घरी आजीसाठी मोठ्यानं.

आजी 84 वर्षांची, माहेर अमरावती जिल्ह्यातलं. जन्मभर वाचनालयाची पुस्तकं आणून वाचली. आता डोळ्यांचा पडदा खराब झाला, अक्षर लागत नाही. रात्री जेवणं आटोपली की ती कापूस घेऊन देवाच्या वाती वळत बसते आणि मी तासभर वाचते. वाती वळणारा हात थांबला की मला कळतं, आता तिचं सगळं लक्ष गोष्टीत आहे.

'धग' 1960 ची. निवेदन पुस्तकी मराठीत आहे, पण कौतिक आणि तिचा नवरा महादेव बोलायला लागले की अस्सल वऱ्हाडी. माझं सगळं शिक्षण नागपुरात, वऱ्हाडी कानावरून गेलेली, जिभेवर नाही. मी 'काहाले' सपाट वाचून पुढे गेले की आजी थांबवते. "तशी नोको म्हनू, ते चिडली हाये नं." सवयीनं माझ्या तोंडून 'डोळे' जातं, ती लगेच 'डोये' म्हणते. एका रात्री चार पानांवरच अडकलो, कारण तिला तिच्या आईची कापसाच्या वेचणीतली गोष्ट सांगायची होती. मी पुस्तक मिटून ऐकत बसले.

आता 'धग' संपत आली. पुढची सुचवा. मोठ्यानं वाचताना कानाला गोड लागेल अशी हवी, आणि फार जाडी नको. तिसरी अट माझ्या आईची आहे: "आता काही रडवणारं वाचू नकोस तिच्यापुढे." ही अट कितपत पाळावी तेही सांगा. सोबत तुम्ही स्वतः सध्या काय वाचून राहिलात तेही लिहा.

नंदनवन_काका

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी सध्या सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचतोय. बुलढाण्याकडचा लेखक, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, शेतीत राबणारं घर, आणि रोज वाढत जाणारी ओढाताण. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. नोकरीसाठी नागपुरात आलो तेव्हा वडिलांशी झालेलं भांडण या पानांत मला जसंच्या तसं सापडलं. पण तुमच्या कामाला ही जाड पडेल. ती एकट्यानं, मध्ये ठेवत ठेवत वाचायची आहे.

तुमच्यासाठी माझ्या मनात एकच नाव येतं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', 1971. लहानशी आहे. गावातल्या शिंप्याच्या घरची गोष्ट, आणि सांगते ती त्या शिंप्याची बायको, स्वतःच्या तोंडानं, मराठवाड्याच्या बोलीत. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच आवाज. वाचणाऱ्याला निवेदन आणि संवाद असा सूर बदलावा लागत नाही. एक बाई समोर बसून सांगते आणि आपण ऐकतो.

आणखी एक. 'धग'मधली कौतिकही शिंप्याच्याच घरची. दोन्हीकडे नवरा कोलमडत जातो आणि घराचा भार बाईवर येतो. अकरा वर्षांच्या अंतरानं, दोन वेगळ्या मुलखांत लिहिलेल्या या दोन बाया एकापाठोपाठ ऐकल्या तर आजी तुम्हाला आपल्यापेक्षा जास्त सांगतील.

रडवते का? हो, रडवते. तरी वाचा.

खामला_वाचक

काकांशी अर्धी सहमत. 'पाचोळा' उत्तमच, पण 'धग'च्या पाठोपाठ नको. माझ्या वडिलांच्या ऑपरेशननंतर मी त्यांना ओळीनं तीन दुःखी कादंबऱ्या वाचून दाखवल्या. मला वाटत होतं, चांगलं साहित्य आहे, त्यांना आवडेलच. तिसरीच्या मध्यावर ते म्हणाले, "आता काही दिवस राहू दे." ते काही दिवस महिन्यांवर गेले. वाचनाची रोजची वेळ तुटली, ती परत बसवायला फार कष्ट पडले. म्हणून मध्ये मोकळा श्वास घ्यायला जागा ठेवा.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. 1955 ची, लहान, आणि वाक्यं इतकी स्वच्छ की वाचताना जीभ कुठे अडत नाही. एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. सुरुवातीला मुलंच येत नाहीत, मग हळूहळू वाडी त्याला आपला मानते. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, एकेक माणूस दोन-चार वाक्यांत उभा राहतो. पुढे दुष्काळ येतो, नाही असं नाही. पण माडगूळकर आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या छातीवर ओझं बसत नाही.

मी सध्या काय वाचते? आशाताई बगे यांची 'भूमी'. लेखिका आपल्या नागपूरच्या, या कादंबरीला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2023 चा जनस्थान पुरस्कारही त्यांना मिळाला. मैथिलीच्या मनात जे चालतं ते इतक्या हळू उलगडतं की मी दिवसाला पंधरा पानांपुढे जातच नाही, जावंसं वाटत नाही. मात्र मोठ्यानं वाचायला ही नाही. तिच्यातलं बरंचसं दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत आहे.

कागलचा_नागपूरकर

मी मूळचा कोल्हापूरकडचा, नोकरीमुळे सहा वर्षं मानेवाड्याला. आनंद यादवांची 'गोतावळा' सुचवायची फार इच्छा होती. संपूर्ण कादंबरी आमच्या बोलीत आहे. शेतावरचा गडी नारबा सांगतो, बैलं, म्हशी, कुत्रं हाच त्याचा गोतावळा. मग मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर कमी होत जातं. मी ती दरवर्षी एकदा वाचतो. दुपारी कूलरला पाणी भरून, वाळ्याच्या ताट्यांचा वास घेत नारबाच्या मळ्यात जाऊन बसतो. इथल्या उन्हाळ्यात मला गावाची आठवण तशीच येते.

पण ताई, तुम्हाला मनापासून सांगतो, मोठ्यानं वाचताना ती तुमच्या तोंडात बसणार नाही. माझ्या बायकोनं प्रयत्न केला, ती वर्ध्याची. दोन पानांत तिचा सगळा जीव उच्चारांत गेला आणि नारबा बाजूलाच राहिला. बोलीतली कादंबरी मोठ्यानं वाचायची तर वाचणारा किंवा ऐकणारा, दोघांतला एक तरी त्या बोलीचा हवा. तुमच्याकडे 'धग'ला आजी होत्या म्हणून जमलं.

त्यामुळे 'पाचोळा'बद्दलही विचार करा. मराठवाड्याची बोली वऱ्हाडीला जवळची वाटते, पण तीच नाही.

नंदनवन_काका

मुद्दा बरोबर आहे. पण बोराड्यांच्या वाक्यांना बोलण्याचा श्वास आहे. छोटी वाक्यं, एकाला एक लागून येणारी. उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी बाई हरवत नाही. मी स्वतः बायकोला वाचून दाखवली आहे, माझी बोली नागपूर-भंडाऱ्याची.

इतवारी_१९

मी कॉलेजात आहे. सध्या दुसऱ्यांदा 'कोसला'. पहिल्यांदा बारावीत वाचली तेव्हा पांडुरंग सांगवीकरची मेसमधली वर्णनं तेवढी आवडली होती, बाकी कंटाळा आला. आता घर सोडून हॉस्टेलला राहतो, तर पुस्तकच वेगळं वाटतंय. त्याची धाकटी बहीण मनी देवीनं जाते तो भाग परवा रात्री मित्राला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. अर्ध्यात माझा आवाज फुटला. मित्रानं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढचं त्यानं वाचलं. नेमाड्यांनी हे 1963 साली लिहिलं आणि आम्हा दोघांना आज रात्रभर झोप नाही. ताई, आजीला 'कोसला' का नाही?

खामला_वाचक

बाळा, तू वाच, भरपूर वाच. पण 'कोसला'चा सगळा बाज एका तरुण मुलाच्या डोक्यातला आहे. कॉलेज, मेस, परीक्षा, घरून आलेले पैसे. 84 वर्षांच्या बाईला मनीचा भाग आतपर्यंत लागेल, पण तिथपर्यंत पोचायलाच बरीच पानं जातील. तेवढा भाग निवडून वाचता येईल.

दीक्षाभूमी_पुस्तकप्रेमी

माझ्या हातात सध्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे घेतली. दरवर्षी घरून निघताना किती पुस्तकं घ्यायची ते ठरवून निघतो आणि येताना पिशवी भरलेली असते. गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्या पैशांत पुस्तकं घेणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात आणि नातवंडं त्यांना पुस्तकाचं नाव वाचून सांगतात. तुमचा धागा वाचताना तेच चित्र डोळ्यांपुढे आलं.

'फकिरा' 1959 ची. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, 1961 साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेच्या विरोधात उभा राहिलेला मांग समाजातला वीर, अशी ही कथा. अण्णा भाऊ शाहीर होते आणि ते वाक्यावाक्यात ऐकू येतं. मोठ्यानं वाचताना आपोआप वेग चढतो, घरातली लहान पोरंही जवळ येऊन बसतात. दुःख आहे, पण ऐकणारा ताठ बसतो. तुमच्या आईच्या अटीवर मला हेच उत्तर सुचतं.

धंतोली_निवृत्त

पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्या अनुभवातून लिहिते.

'मृत्युंजय' जाड आहे म्हणून कोणी नाव काढलं नाही, पण वाचून दाखवायला तिच्यासारखी सोय क्वचितच. शिवाजी सावंतांनी 1967 साली ती वेगवेगळ्या पात्रांच्या मनोगतांतून लिहिली: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण. आमच्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा आम्ही ती वाटून घेतली. माझ्याकडे कुंती, यजमानांकडे कर्ण, मुलाकडे दुर्योधन, मुलीकडे वृषाली. सासूबाईंना कथा पाठ होती, तरी रोज विचारायच्या, आज कोणाचा नंबर? सगळा ग्रंथ पुरा झाला नाही, पण दुपारचे ते तास घरात सगळ्यांना आठवतात. ताई, तुमच्या आईलाही एक पात्र द्या. वाचायला बसल्या की 'रडवणारं नको' ही काळजी थोडी कमी होईल.

त्या अटीबद्दल माझं मत असं. म्हाताऱ्या माणसाला दुःखाची नवी ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांना जास्त जाच होतो तो आपण त्यांच्यापासून गोष्टी लपवतो त्याचा. खामल्याच्या ताई म्हणतात तशी मध्ये जागा ठेवावी, पण आजींना विचारून ठेवावी.

आणि एक छोटी युक्ती. उद्याची पानं आज एकदा नजरेखालून घाला, पेन्सिलीनं श्वास घ्यायच्या जागी बारीक रेघ मारा. लांब वाक्यं मध्येच तुटत नाहीत.

अकोल्याची_माय

माह्या आईले मी 'बनगरवाडी' वाचून दाखवली होती. ऐकता ऐकता ते म्हने, तो मास्तर जेवला का नाही थे सांग आधी. लय जीव लागला होता तिचा त्या मास्तरवर. घ्या तुमी, आजीले आवडनच.

बर्डी_ते_लोकमान्यनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा 'धग' पूर्ण झाली. शेवटचं पान वाचल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खरं लिवलं त्यानं." दुसऱ्या रात्री मी पुस्तक न घेता नुसती जवळ बसले, कारण मला खामल्याच्या ताईंचं म्हणणं आठवत होतं. तिनंच विचारलं, आज काय आणलं?

मग धंतोलीच्या बाईंनी सांगितलं तसं सरळ तिलाच विचारलं. एकीकडे शिंप्याची बायको, दुसरीकडे धनगरांच्या वाडीवरचा मास्तर आणि तिसरीकडे फकिरा, कोणतं वाचू? आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली, मास्तर. आजी म्हणाली, शिंपीण. आईला मी सांगितलं की मास्तर लगेच पुढचा, आणि तो तू वाचायचा. ती नाही म्हणाली नाही.

काल 'पाचोळा' सुरू केली. काका, तुमचं खरं निघालं, एकच आवाज असल्यामुळे पहिल्या दोन पानांतच मी सावरले. आजीनं उच्चार दुरुस्त केले नाहीत. एका शब्दाला मात्र अडवून म्हणाली, "आमच्याकडं याले दुसरं म्हंतात," आणि वऱ्हाडी शब्द सांगितला. मी तो समासात पेन्सिलीनं लिहून ठेवला. तासाभरानं उठले तेव्हा ताटलीत जेमतेम सात वाती होत्या.

माझ्याकडची प्रत मैत्रिणीची आहे, जुनी, टाईप बारीक, रात्रीच्या दिव्यात ओळ सुटते. नागपुरात 'बनगरवाडी' आणि 'फकिरा' जरा मोठ्या टायपात कुठे मिळतील? आईला चष्मा आहे.

खामला_वाचक

'बनगरवाडी' माझ्याकडे आहे, टाईप बरा आहे. शनिवारी संध्याकाळी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघापाशी येते, घेऊन जा. परत करायची घाई नाही.

दीक्षाभूमी_पुस्तकप्रेमी

'फकिरा' माझी वाचून झाली की देतो. अजून चाळीसेक पानं आहेत, रविवारपर्यंत होतील.