धार लावल्यावर चाकू कागद कापतो, पण चार दिवसांत टोमॅटोवर अडतो

प्रश्न

नमस्कार. गेल्या आठ महिन्यांपासून घरातल्या चाकू-सुऱ्यांना स्वतः धार लावण्याचा छंद मला जडला आहे. त्याची सुरुवात एका नुकसानीतून झाली. आईची जुनी पोलादी सुरी मी दारावर आलेल्या धारवाल्याला दिली. त्याने ती सायकलवर फिरणाऱ्या चाकावर कोरडीच दाबून धरली, ठिणग्या उडाल्या आणि सुरी परत मिळाली तेव्हा टोकाकडच्या दोन बोटे भागावर निळसर झाक आली होती. त्या भागाला तेव्हापासून धार टिकत नाही. पुढे ही वेळ येऊ नये म्हणून मी १००० आणि ६००० ग्रिटचा दुहेरी दगड आणला (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक), सागवानी फळीवर जुना चामड्याचा पट्टा चिकटवला, त्याला हिरवी पेस्ट लावली आणि रविवारची सकाळ या कामासाठी राखून ठेवली.

आता अडचण सांगतो. रोजच्या वापरातला चाकू २० सेंटीमीटर पात्याचा असून त्याच्या खोक्यावर एक्स५०सीआरएमओव्ही१५ असे पोलाद लिहिलेले आहे. धार लावल्यानंतर तो वर्तमानपत्राचा कागद सरसर कापतो, परंतु बुधवार-गुरुवारपर्यंत टोमॅटोची साल कापण्याऐवजी दाबू लागतो. मी दर वेळी ६००० च्या बाजूवर अधिक वेळ घालवून पाहिला आणि चामड्यावर पन्नास-साठ हात मारून पाहिले, तरी फरक पडला नाही. पोलादच मऊ आहे, की माझ्या हातात दोष आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

पोलादाला दोष देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या नावातच त्याचा कस सांगितलेला आहे: कार्बन सुमारे अर्धा टक्का, क्रोमियम सुमारे १५ टक्के, शिवाय थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. जर्मनीतील झोलिंगनचे कारखाने स्वयंपाकघरातल्या चाकूंसाठी हेच पोलाद वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. त्याची कठीणता रॉकवेल मापावर साधारण ५५ ते ५८ भरते. जपानी चाकूंच्या ६० किंवा त्याहून अधिक कठीणतेपुढे ते मऊ खरे, परंतु नीट लावलेली धार घरच्या स्वयंपाकात दोन-तीन आठवडे तरी टिकायला हवी. ती चार दिवसांत उतरत असेल, तर माझ्या मते तुमच्या चाकूला खरी धार लागलेलीच नाही. कागद कापला जातो आहे, तो कडेवर उरलेल्या बरामुळे.

एका बाजूने घासत गेल्यावर पात्याची कड इतकी पातळ होते की ती दगडासमोर टिकत नाही आणि विरुद्ध बाजूला दुमडते. धातूच्या या बारीक, लवचीक पदराला बर म्हणतात. तो येणे आवश्यकच आहे, कारण घासणे कडेपर्यंत पोहोचल्याची दुसरी खात्रीची खूण नाही. मात्र तो काढला नाही आणि चामड्यावर योगायोगाने सरळ उभा राहिला, तर वस्तऱ्यासारखा कापतो. कागद त्याला पुरेसा विरोध करत नाही. भाजी चिरायच्या फळीवर शंभर वेळा आपटल्यावर तो आडवा होतो किंवा तुटतो आणि मागे उरते ती बोथट कड. तुमचा रविवार ते गुरुवार हा प्रवास नेमका असाच दिसतो.

यासाठी एक परीक्षा करून पाहा. दगडावरचे काम संपल्यावर चामड्याला हात न लावता कापसाचा लहान बोळा घ्या आणि पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल अशा दिशेने, हलकेच ओढा. जिथे तंतू अडकून राहतील तिथे बर आहे. दोन्ही बाजूंनी पाहा, कारण तो एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो. बोटानेही तो कळतो, पण बोट नेहमी पाठीकडून धारेकडे फिरवावे, धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये.

बर काढताना दाब कमी करणे हे खरे कौशल्य आहे. १००० वर एका बाजूला टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीजवळच्या भागापासून, टोकापर्यंत सलग बर येऊ द्या, मग दुसरी बाजू घ्या. त्यानंतर एका बाजूला पाच हात, दुसऱ्या बाजूला पाच, मग तीन-तीन, मग एक-एक, असे करत दर फेरीला दाब निम्म्यावर आणा. शेवटचे हात चाकूच्या स्वतःच्या वजनाएवढेच असावेत. बहुतेकांचा दाब शेवटपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे प्रत्येक हात जुना बर काढतो आणि नवा तयार करतो.

६००० विषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १००० च्या दगडातला कण सुमारे १२ ते १५ मायक्रॉनचा असतो आणि ६००० मधला सुमारे २ मायक्रॉनचा, म्हणजे दुसरा दगड पहिल्याच्या मानाने जवळजवळ काहीच कापत नाही, तो केवळ घोटतो. ज्या ठिकाणी १००० कडेपर्यंत पोहोचला नाही, तिथे ६००० वर तासभर बसले तरी बोथट कडेलाच चकाकी येते. शिवाय टोमॅटोच्या सालीला थोडी खरखरीत धार अधिक मानवते, कारण तिचे सूक्ष्म दाते सालीत रुततात. या पोलादासाठी मी स्वतः १००० वरच थांबतो. ६००० माझ्याकडेही आहे, पण तो केवळ मासे कापायच्या पातळ सुरीसाठी बाहेर निघतो.

दुसरा प्रतिसाद

बराविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र पन्नास-साठ हातांचा मुद्दा त्यात राहून गेला. चामडे दाबले जाते. पाते त्यावर टेकवून ओढताना पात्याखाली चामडे किंचित खाली बसते आणि कडेच्या पुढे लगेच वर उठते, त्यामुळे धारेचे टोक त्या उठलेल्या चामड्यावर घासून गोल होत जाते. हिरव्या पेस्टमधील क्रोमियम ऑक्साइडचा कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणून हे नुकसान सावकाश होते, पण साठ हातांत ते निश्चित होते. प्रत्येक बाजूला आठ-दहा हात पुरे. पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढावे, हाताच्या शेवटी मनगट वळवून पाते उचलू नये. उलट, दर दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकाआधी चामड्यावर पाच हात मारले, तर दगडाची गरज महिनाभर पुढे ढकलता येते.

आता कोनाविषयी. या पोलादाला प्रत्येक बाजूने १५ अंशांची धार लावली, तर ती सुरुवातीला सुरेख कापते आणि लवकर वळते. म्हणून १८ ते २० अंश धरावेत. तुमच्या चाकूची रुंदी टाचेपाशी ४५ मिलिमीटर असेल असे गृहीत धरले, तर २० अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण १५ मिलिमीटर वर हवी आणि १५ अंशांसाठी साडेअकरा. दोहोंत चार मिलिमीटरांहूनही कमी फरक आहे, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. चौकोनी कागदाचा कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश होतात, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडाच्या कडेला उभी ठेवून पाते त्याहून किंचित खाली धरले की हाताला सवय होते. धारेच्या उतारावर मार्कर पेनने रेघ ओढून दोन हात मारावेत. शाई धारेच्या कडेला राहिली तर पाठ फार खाली आहे, आणि फक्त कडेचीच गेली तर फार वर.

दगड सपाट आहे का, हेही पाहा. आठ महिन्यांत मध्यभागी खळगा पडलाच असेल. पेन्सिलीने दगडावर चौकटी आखा, जाड काचेवर ओला वॉटर पेपर ठेवून दगड त्यावर घासा आणि सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबू नका.

आईंच्या सुरीबद्दल वाचून वाईट वाटले. कोरड्या चाकावर कड क्षणात तापते. साध्या पोलादावर ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळा रंग चढतो आणि तितक्या उष्णतेने त्या जागेचे पाणी उतरते, म्हणजे तिची कठीणता कमी होते. मात्र ही बाधा बहुधा कडेपुरतीच असते. दगडावर ओल्याने घासत राहिलात तर ती मऊ कड हळूहळू झिजून आतले कठीण पोलाद वर येईल. त्यासाठी वर्ष लागले तरी चालेल, ती सुरी टाकू नका.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री कापसाची परीक्षा केली. टाचेपासून मध्यापर्यंत बोळा स्वच्छ सरकला आणि त्यापुढे टोकाच्या वळणावर प्रत्येक वेळी पांढरे तंतू लटकून राहिले. मार्करची शाईही तिथेच कडेला शिल्लक होती, म्हणजे वळणापाशी मी मूठ उचलत नव्हतो आणि पाठ आपोआप खाली जात होती. दगडावर पेन्सिलीच्या चौकटी आखून घासले, तेव्हा मधल्या रेघा सर्वांत शेवटी गेल्या. आज फक्त १००० वर काम केले आणि चामड्यावर आठच हात मारले. कागदावर तो पूर्वीइतका निःशब्द चालत नाही, किंचित खसखस आवाज येतो, परंतु पिकलेल्या टोमॅटोवर नुसता ठेवून मागे ओढला तेव्हा साल उघडली.

आणखी एक शंका आहे. घरात लोखंडी पात्याची विळी आहे. तिचे पाते वाकलेले असल्यामुळे दगडावर टेकतच नाही. शिवाय पावसाळ्यात ती दोन दिवसांत तांबूस होते. तिच्यासाठी काय करावे?

तिसरा प्रतिसाद

मी मालवणकडचा आहे. आमच्याकडे विळीला आडाळो म्हणतात आणि मासे, भाजी, नारळ सगळे तिच्यावरच होते, म्हणून हे उत्तर देण्याचा माझा हक्क आहे असे मी समजतो.

विळीला दगडावर नेऊ नये, दगड विळीकडे आणावा. हाताच्या तळव्यात मावेल असा लहान दगड घ्या. जुन्या दगडाचा तुटलेला तुकडा उत्तम, आणि त्याची एक कड घासून गोल केली की पात्याच्या आतल्या वळणावरही तो बसतो. काहीच नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची, चकाकी नसलेली खरखरीत कडही काम भागवते. विळीची फळी भिंतीला टेकवून घट्ट बसवा, बोटे दगडाच्या मागे राहतील अशी धरा आणि पाठीकडून धारेकडे न जाता नेहमी धारेकडून पाठीकडे, म्हणजे हात निसटला तरी तो धारेपासून दूर जाईल अशा दिशेने, दगड ओढा. विळी स्थिर असल्यामुळे तिच्यावर भाजी दाबून ढकलली जाते, त्यामुळे फार बारीक कोन लावू नका. २५ अंश ठीक. शेवटी बर काढण्यासाठी जुन्या जीन्सचा तुकडा बोटाभर जाडीच्या काठीवर गुंडाळून मात्र उलट दिशेने, म्हणजे पाठीकडून धारेच्या बाहेर, बोटे धारेपासून दूर ठेवून आठ-दहा वेळा हलकेच ओढा.

गंजाविषयी सांगायचे तर आंबट पदार्थ हा विळीचा मोठा शत्रू आहे. कैरी, लिंबू किंवा कोकम कापून विळी तशीच ठेवली की तासाभरात डाग उमटतो. वापरल्याबरोबर धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी आणि चुलीच्या उबेजवळ मिनिटभर उभी करावी. पावसाळ्यात रात्री पात्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवतात, तेवढे रोजच्या वापरात पुरते. पण विळी महिनाभर बंद ठेवायची असेल तर खोबरेल चिकट होते. तेव्हा औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे. पाते कालांतराने काळे-करडे होईल. तो थर घासून काढू नका, तो लाल गंजाला अडवतो. मात्र लाल डाग दिसला तर लगेच राखेने किंवा बारीक घासणीने काढा, कारण तो थोड्या दिवसांत खोल खळगा करतो आणि धारेवर असा खळगा पडला की तिथे भाजीचा दोरा अडकतो.

आमच्या घरातल्या आडाळ्याचे पाते माझ्या आजीच्या काळात तीन बोटे रुंद होते. आता दोन बोटे उरले आहे आणि अजून रोज नारळ फोडल्यानंतरची पहिली भाजी त्याच्यावरच चिरली जाते.