मेलं की एस गेला! बंदुकीच्या गेममधले वैताग, तुमचे अनुभव लिहा

सिंदफणा
भाचा सुट्टीला बीडला आलाय. सोबत जुने गेम भरलेलं, हातात धरायचं खेळणं. त्यात कॉन्ट्रा, सैनिक घेऊन गोळ्या मारत पुढं जायचा गेम. काल बर्फाच्या स्टेजमध्ये त्याचा एस गेला अन् पोरगं हमसून रडलं. मला आमच्या गल्लीतलं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं, तिथं हेच दुःख रोज व्हायचं.

एस म्हणजे त्या अक्षराची बंदूक, एकदम पाच गोळ्या, पंख्यासारख्या पसरणाऱ्या. एक गोळी लागली की जीव जातो अन् बंदूकही जाते. परत उभं राहायचं ते त्याच जागी, साध्या बंदुकीवर, जिथं एस असताना टिकलो नाही! ज्याला गरज जास्त, त्याचंच काढून घ्यायचं. जीव घ्या ना, बंदूक कशाला? तुम्हाला कशानं छळलं?

मन्याड
एस जाण्यापेक्षा एल, म्हणजे लेझरची बंदूक, येणं वाईट. उडता डबा फोडला, अक्षर खाली पडलं, तेवढ्यात सैनिक धावून आला, उडी मारली की एल अंगावर. झालं, एस गेला. लेझरचं बटण परत दाबलं की आधीची रेघ पुसून नवी सुरू. बटण बडवणाऱ्या पोराची गोळी समोर पोचायचीच नाही. नको असलेली बंदूक नाकारायची सोय का दिली नाही?

तेरणामाई
आमच्याकडं टीव्हीला जोडायचा गेम होता. दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं! एक नंबर कायम दादाकडं, म्हणजे पॉज पण त्याच्याच हातात. आई आतून ओरडायची, भाकरी उलट गं. मी उठले की माझा माणूस तिथंच उभा, गोळ्या खात. दादा थांबवायचा नाही.
आणि तो धबधबा. पुढचा वर चढला की पडदा वर सरकतो, खाली राहिलेला मरतो. खाली कोण राहणार? धाकटी. जोडीनं खेळायच्या गेममध्ये जोडीदाराला मारायची सोय कशाला केली असंल?

गोदाकाठ
@तेरणामाई सेम. टँकवाल्या गेममध्ये पण. भावाची गोळी लागली की आपला टँक थिजून उभा, तेवढ्यात शत्रू येऊन उडवतो. अन् खालचा गरुड, जो वाचवायचा असतो, तो आपल्याच गोळीनं फुटतो, दोघांचाही खेळ खलास. आमच्याकडं यावरनं लई मारामाऱ्या झाल्यात.

रानबोर
लोडशेडिंगवर कुणीच बोलंना. परभणीला शेवटच्या स्टेजला लाईट जायची. सेव्ह करायची सोय नाही, लाईट आली की परत पहिल्यापासून.

सिंदफणा
@रानबोर बोला की ओ, धागा त्यासाठीच आहे. आमच्याकडं तर नाणं टाकल्याबरोबर जायची, दुकानदार नाणं परत देत नव्हता.

उदगीरकर
डक हंट, टीव्हीवरची बदकं बंदुकीनं मारायचा गेम, त्यातलं कुत्रं. बस्स.

मन्याड
@उदगीरकर 😂 बदक सुटलं की गवतातनं वर येऊन हसायचं. माझा मामा नेम धरून त्यालाच मारायचा, लागायचं नाही, चिडायचा. मामाकडं त्या गेमची खेळण्यातली बंदूक अजून आहे, नव्या टीव्हीवर चालना. दुरुस्त होईल का?

नांदेडी_कोडर
@मन्याड बंदुकीत बिघाड नसणार. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, तो उजेड बंदूक टिपते. ती वेळ जुन्या डब्बा टीव्हीवरच जुळते.

एसचं म्हणाल तर तो नाण्यांचा हिशेब. कॉन्ट्रा 1987 साली आधी नाण्याच्या मशीनवर आला, घरी नंतर. एकच पोरगं तासभर खेळत बसलं तर गल्ल्यात काय पडणार? 1985 चा ग्रेडियस, अवकाशयानाचा गेम, तर याहून कडक, मेलं की वेग, बंदुका सगळं जातं अन् मागंही ढकलतात.
पण 1978 चा स्पेस इन्व्हेडर्स बघा. शत्रू कमी झाले की चिपवरचा भार हलका होतो, म्हणून उरलेले जोरात पळतात. तो बनवणाऱ्या निशिकादोंनी ते मुद्दाम तसंच ठेवलं. तिथं खेळ अवघड होतो तो तुम्ही चांगलं खेळलात म्हणून. कॉन्ट्रात होतो तो तुम्ही मेलात म्हणून. 1981 च्या गॅलगा गेममध्ये शत्रू आपलं जहाज पळवून नेतात, पण सोडवून आणलं की दोन जहाजं जोडीनं गोळ्या मारतात. गेलेलं परत मिळवायची वाट ठेवली की माणूस चिडत नाही, परत खेळतो.

सिंदफणा
@नांदेडी_कोडर पण घरी नाणं कुठं टाकायचंय? तरी तोच नियम ठेवला, हे जास्त लागलं मला.

गोदाकाठ
म्हणून तर कॉन्ट्रा सुरू होताना बटणांची ती गुपित युक्ती, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. तीस जीव.

तेरणामाई
तीस असले तरी एस जातोच.

रानबोर
तुमच्याकडं पाऊस आहे का? इकडं सोयाबीन काढून पडलंय, आभाळ भरलंय.

उदगीरकर
@रानबोर झाकून घ्या लवकर, इकडं सुरू झालाय.

मन्याड
@सिंदफणा भाच्याला म्हणावं, एल दिसला की उडी मारू नको, खाली झोप. अन् धबधब्यात एकटाच चढ. मामाला टीव्हीचं सांगतो, जुना डब्बा गोठ्यात पडलाय त्याचा.