मदत हवी आहे : चर्चच्या सेवा-गटाने मानसिक आरोग्याविषयी एकत्र शिकावे, यासाठी छोटे अनुदान कसे मिळवावे? (मिरज)

नमस्कार.

मी मिरजेत राहतो आणि आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचा सचिव म्हणून काम पाहतो. आमच्या सेवा-गटाला वर्षभर मानसिक आरोग्याचे शिक्षण मिळावे, अशी आमची इच्छा असून त्यासाठी एखादे छोटे अनुदान मिळवण्याच्या प्रयत्नात आम्ही आहोत. या विषयातील जाणकारांनी, आणि हिशेबाची व कायद्याची बाजू ठाऊक असलेल्यांनीही, कृपया मार्गदर्शन करावे.

मंडळीबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. सेवा-गट म्हणजे केवळ पाळकसाहेब नव्हेत. आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या महिला संघाच्या भगिनी, संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघाचे पदाधिकारी आणि मंडळीतील वडील (एल्डर) अशी पंधरा-वीस माणसे मिळून हे काम करतात, आणि घरात काही बिनसले की लोक बहुधा यांच्यापैकीच कोणाकडे तरी आधी येतात. मुलगा खोलीबाहेर पडत नाही म्हणून कोणाची आई येते, बाळंतपणानंतर सून गप्प गप्प झाली म्हणून कोणाची सासू येते, दारू सुटत नाही म्हणून एखादा गृहस्थ प्रार्थनेसाठी थांबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेव्हा ज्यांची घरे पाण्यात गेली, त्यांच्यापैकी काही जणांना आजही जुलैमध्ये पाणीपातळीच्या बातम्या सुरू झाल्या की झोप लागत नाही. या सगळ्यांना आम्ही प्रेमाने ऐकून घेतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. परंतु त्यापुढे काय करावे, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये आणि डॉक्टरांकडे कधी व कसे पाठवावे, हे आमच्यापैकी कोणीही रीतसर शिकलेले नाही.

मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून आमच्या मंडळीतील कित्येक घरांत एक तरी परिचारिका, वॉर्डबॉय किंवा तंत्रज्ञ आहे. याचा एक परिणाम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. इतर आजारांसाठी जेथे कर्नाटकातूनही रुग्ण येतात, त्याच गावातला माणूस मनाच्या आजारासाठी मात्र दुसरे शहर गाठतो, कारण येथल्या ओपीडीच्या रांगेत मंडळीतले कोणी ना कोणी भेटणारच, अशी त्याला धास्ती असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले होते आणि बहुतेक विकारांत दहापैकी सात किंवा त्याहून अधिक रुग्ण उपचारांविना होते. डॉक्टर जवळ असूनही उपचार का होत नाहीत, याचे उत्तर आमच्या गावात तरी बऱ्याच अंशी या धास्तीत आहे, असे माझे मत आहे.

शिक्षण एकट्यादुकट्याला नव्हे, तर गटाला एकत्र मिळावे, हा आमचा आग्रह आहे. एका व्यक्तीला पुण्याला पाठवून अभ्यासक्रम पूर्ण करून आणणे अधिक सोपे आणि स्वस्त आहे, असे कमिटीत सुचवले गेले. पण पाळकांची काही वर्षांनी बदली होते आणि ते जे शिकले ते त्यांच्यासोबत जाते. शिवाय सर्वांची समज एकसारखी नसेल, तर एकाने सांगायचे ‘गोळ्या नियमित घ्या’ आणि दुसऱ्याने सांगायचे ‘विश्वास ठेवा, गोळ्यांची गरज नाही’, असे होते; त्यात रुग्णाचे फार नुकसान होते. गुप्ततेचा प्रश्न तर एकत्र बसल्याखेरीज सुटणारच नाही. आमच्याकडे बुधवारच्या प्रार्थना सभेत विनंत्या मोठ्याने सांगण्याची प्रथा आहे. एखाद्या भगिनीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट अशा विनंतीच्या रूपाने सर्वांसमोर येते, सांगणाऱ्याच्या मनात माया असते, आणि तरीही ते कुटुंब पुन्हा कोणाजवळ तोंड उघडत नाही. ही पद्धत बदलायची, तर पाळकांपासून संडे स्कूलच्या सर्वांत तरुण शिक्षकापर्यंत सर्वांनी ती एकाच वेळी बदलायला हवी.

आमची गरज मोठी नाही. अंदाजे साठ हजार रुपयांत वर्षभर महिन्यातून एक बैठक होऊ शकेल. त्यात तज्ज्ञांचे मानधन, मराठीतील छापील टिपणे, जेवण आणि तासगाव व जत भागातून येणाऱ्यांचा प्रवास धरला आहे. एक रक्कम मात्र मी आग्रहाने धरली आहे आणि तिच्यावर कमिटीत मतभेद आहेत : गटातील काही भगिनी रोजंदारीवर काम करतात आणि बैठकीच्या दिवसाचा त्यांचा रोज बुडतो, तो त्यांना मिळावा, असे मला वाटते. एरवी असे शिक्षण केवळ पगारदार आणि निवृत्त माणसांपुरते उरेल, आणि घरोघरी भेटी देणाऱ्या नेमक्या ह्याच भगिनी आहेत.

आता अडचण अशी की, आमच्या एका कुटुंबाचे नातेवाईक कॅनडात आहेत आणि तेथील त्यांची मंडळी हा सगळा खर्च उचलण्यास तयार आहे. आमच्याकडे परदेशी देणगीसाठीची एफसीआरए नोंदणी नाही. रक्कम लहान असल्याने ती नातेवाइकांच्या खात्यावरून येथील एखाद्या सभासदाच्या खात्यावर घ्यावी, असे काही जण म्हणतात, परंतु मला ते योग्य वाटत नाही. यावर रीतसर मार्ग कोणता? देशातल्या देशात अशी छोटी अनुदाने कोठे मागावीत? आणि शिकवण्यासाठी सांगली-सातारा परिसरात कोणाकडे जावे?

प्रतिसाद (सांगली, करसल्लागार)

आपली शंका रास्त आहे. एफसीआरए नोंदणी किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी नसताना संस्थेच्या कामासाठी परदेशी देणगी घेता येत नाही, आणि रक्कम लहान असली म्हणून त्यात सूट नाही. सभासदाच्या वैयक्तिक खात्याचा मार्ग कृपया मुळीच स्वीकारू नये; त्यात तो सभासद आणि मंडळी दोघेही अडचणीत येतील. नोंदणी असलेल्या दुसऱ्या एखाद्या संस्थेने रक्कम घेऊन ती आपल्याला द्यावी, हा पूर्वी रूढ असलेला मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. मात्र अशी संस्था ते शिबिर स्वतःचा कार्यक्रम म्हणून घेऊन त्याचा खर्च स्वतः करू शकते आणि आपला गट त्यात शिकण्यासाठी बसू शकतो. फरक बारीक आहे, पण महत्त्वाचा आहे : पैसा आपल्या हाती येत नाही, शिक्षण येते. त्या संस्थेच्या नोंदणीतील उद्देशांत असा कार्यक्रम बसतो का, हे आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट तपासावी. ते नातेवाईक अद्याप भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देणार असतील, तर ती परदेशी देणगी समजली जात नाही. त्यांच्या पासपोर्टची प्रत मात्र दप्तरी ठेवावी. त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) असले तरी ही सवलत मिळत नाही. तेथील मंडळीचा पैसा त्यांच्या नावाने पाठवणे हेही चालणार नाही.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीचा विचार करत असाल, तर आरोग्यविषयक काम त्या यादीत बसते, परंतु निधी घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि त्यासाठी आवश्यक असलेली, देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता एका विशिष्ट धर्मसमुदायासाठीच असलेल्या न्यासाला मिळत नाही. म्हणून जिल्ह्यातील एखाद्या नोंदणीकृत आरोग्यविषयक न्यासाला सोबत घ्यावे आणि बैठका परिसरातील सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. रोज बुडाल्याची भरपाई अर्जात स्पष्ट लिहावी आणि पावतीवर सही घेऊनच द्यावी. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

प्रतिसाद (सातारा, मानसोपचार विभागातील समाजकार्यकर्ती)

आपण गटाचा विचार करता आहात, हे वाचून फार बरे वाटले. शिकवणाऱ्यांविषयी सांगते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागाला आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला आधी पत्र द्यावे, कारण लोकांमध्ये जाऊन जागृती करणे हा या कार्यक्रमाच्या कामाचाच भाग आहे आणि त्यात आपला मानधनाचा खर्चही वाचेल. आमच्या साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करते; सामान्य कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून तयार करण्याचा अनुभव तिच्याकडे आहे. मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे मराठी व्हिडिओ बैठकीत एकत्र पाहून चर्चा करण्यास उत्तम आहेत.

शिकवण्याचा क्रम ठरवताना आजारांच्या नावांपासून सुरुवात करू नये, अशी माझी विनंती आहे. नावे कळली की निदान करण्याचा मोह होतो, आणि निदान हे गटाचे काम नव्हे. आधी ऐकण्याचा सराव घ्यावा, तोही दोघा-दोघांच्या जोड्या करून. त्यानंतर आत्महत्येचे विचार असलेल्या व्यक्तीशी कसे बोलावे, हे शिकावे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज अगदी चांगल्या घरांतही आहे. उलट, विचारल्याने माणूस मोकळा होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा केली जात नाही आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर आहे. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे अशी घटना लपवतात, म्हणून हे गटातील प्रत्येकाला ठाऊक असावे. त्याच कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. तो प्रामुख्याने उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक असला, तरी आपण तोच दंडक स्वतःला लावून घ्यावा. प्रार्थना सभेत नाव किंवा आजार न सांगता ‘एका कुटुंबासाठी’ एवढेच म्हणावे, आणि तेही त्या कुटुंबाला विचारून. टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

श्रद्धा आणि औषध यांच्यात निवड करण्याची वेळ कोणावर आणू नये. बायबलमधील एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला दोष देत नाही. खायला-प्यायला देतो आणि झोपू देतो. गोळ्यांना विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलताना हा उतारा उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॅनडातील मंडळीला आजच कळवतो की, आम्ही त्यांच्याकडून रक्कम स्वीकारू शकत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाला आणि जिल्हा पथकाला देण्याच्या पत्राचा मसुदा येत्या कमिटी बैठकीत ठेवतो. तज्ज्ञांचे मानधन वाचले, तर उरलेला खर्च सभासदांच्या अर्पणातूनही निघू शकेल, आणि तेव्हा रोज बुडाल्याची भरपाई हा एकच प्रश्न उरेल. ज्या संस्थांनी स्वयंसेवकांना अशी भरपाई दिली आहे, त्यांनी ती दिवसाच्या मजुरीप्रमाणे दिली की सर्वांना सारखी, आणि त्यावरून गटात नाराजी झाली का, हे कृपया सांगावे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका भगिनींसाठी बैठकीची वेळ कोणती सोयीची पडते, याचा अनुभव असल्यास तोही कळवावा.