जमालपूरला होतो, पण ‘पूर्वी स्टार’ हे मेडल नाही. रेकॉर्ड दुरुस्त कसं करायचं?

बावन्न_नंबर (कोल्हापूर)

राम राम मंडळी. मोबाईलमध्ये बोलून लिहितोय. ‘पलटण’ म्हटलं की ‘पलंग’ उमटतंय. दोनदा सुधारलंय, तरी कुठं पलंग दिसला तर पलटणच समजा.

वय ७४. १९७० ला बेळगावच्या सेंटरला भरती, तिथून पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण. १९८७ ला हवालदार म्हणून घरी आलो. ७१ च्या लढाईत आम्ही पूर्वेला, आताच्या बांगलादेशात होतो. ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला टांगाइलचा रस्ता अडवून बसलेलो. क्लेर ब्रिगेडियर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली आणि समोरच्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कर्नलनं गोळी गुंडाळून उत्तर दिलं, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला खंदकात त्यातलं काही माहीत नव्हतं. मला आठवतंय ते एवढंच, की भात कापलेलं खाचर होतं, बुडखे कोपराला टोचत होते आणि माझा एक बूट ओला होता. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक त्याच रस्त्यानं फुटून बाहेर पडायला आले. ११ ला जमालपूर पडलं.

आता मुद्दा. माझ्याकडं तीन मेडल आहेत: संग्राम, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि नऊ वर्षं सेवेचं. ७१ ला पूर्वेकडं होते त्यांना मिळालेला पूर्वी स्टार नाही. डिस्चार्ज बुकातल्या मेडलच्या पानावरही नाही. ८७ ला विचारलं तेव्हा “येईल घरी” असं उत्तर मिळालं. नंतर शेती, पोरीचं लग्न, विहीर. मीही नेटानं मागं लागलो नाही, हे कबूल करतो. चार वर्षांपूर्वी एका कार्यालयात गेलो, तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, आजोबा, आता कशाला पाहिजे?

गोम अशी आहे. कंपनीत माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा, बापाचं नावही तेच, असा दुसरा गडी होता. मराठा पलटणीत ही काही नवलाई नाही. म्हणून सगळे आम्हाला नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायचे. मी बावन्न, तो पंचवीस. डिसेंबरात पंचवीस हिवतापानं मागं बेसला हॉस्पिटलात होता, पलटणीबरोबर पुढं आलाच नव्हता. त्याच्या घरी मात्र पूर्वी स्टार आहे. ५२ आणि २५, कुठल्या तरी टाइपरायटरवर उलटं झालं असणार.

पंचवीस २००९ ला वारला. वहिनी भुदरगड तालुक्यात गावी असतात. माझं दुरुस्त करायला गेलो तर त्यांच्याकडचा स्टार सरकार परत मागेल का? तसं असेल तर मला नको. हे आधी सांगा, मग बाकीचं.

उचगावचा_पोरगा

आजोबा, कॅन्टोन्मेंटच्या दुकानांत रिबनसकट स्टार मिळतो. कोटावर लावायचा तर तिथनंच घ्या की. माझ्या मामानं हरवलेला तसाच घेतला, कुणी विचारत नाही.

बावन्न_नंबर

मिळतो हे माहीत आहे बाळा. पण खऱ्या मेडलवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातलं कोरं असतं. दुसऱ्याला दिसत नाही, पण लावणाऱ्याला माहीत असतं ना.

जुना_बाबू

राम राम साहेब. मी क्लार्क केडरचा, एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांचे कागद ठेवतात तिथं, बरीच वर्षं काढली. तुमचं नव्हे, दुसऱ्या रेजिमेंटचं. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. अर्जात ‘डुप्लिकेट’ हा शब्द चुकूनही लिहू नका. डुप्लिकेट म्हणजे मिळालेलं हरवलं. त्याला पोलिसांचा दाखला लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, पैसे भरावे लागतात. तुम्हाला मिळालेलंच नाही. “हक्काचं मेडल अद्याप मिळालेलं नाही, तपासून द्यावं” एवढंच लिहा. बरेच जण इथंच घसरतात आणि फाइल भलत्याच टेबलावर जाते.

दुसरी. तुम्ही म्हणता आकडे उलटे झाले. असेलही. पण दोन शक्यता आहेत. एक, पार्ट टू ऑर्डरमध्येच (जवानाच्या हजेरी, बदली, घरच्या नोंदींचा छापील आदेश) चुकीचा नंबर छापला गेला, म्हणजे रेकॉर्डला तुम्ही पूर्वेला नव्हताच. दोन, रेकॉर्ड बरोबर आहे, स्टार तुमच्याच नंबरचा कोरला गेला, फक्त नाव सारखं म्हणून पाकीट दुसऱ्या पत्त्यावर गेलं. तसं असेल तर कागदावर तुमचं मेडल ‘दिलं’ असं दिसेल आणि तुम्ही नुसतं मागत बसलात तर “आधीच दिलंय” असं उत्तर येईल. दोन्हीचे अर्ज वेगळे. म्हणून जमलं तर वहिनींकडच्या स्टारवरचा नंबर बघून या.

तिसरी. माहितीच्या अधिकारात आधी तीन गोष्टी मागा: लॉन्ग रोलमधल्या (सगळ्या जवानांची कायमची नोंदवही) तुमच्या नोंदीची नक्कल, पलटणीत हजर झाल्याची पार्ट टू ऑर्डर, आणि तुमच्या नंबरवर कोणती मेडल मंजूर व रवाना झाली. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, अकाउंट्स ऑफिसरच्या नावानं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बिनपेन्शनवाल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, पण लॉन्ग रोल राहतो. तुम्ही पेन्शनर, म्हणजे तुमचं जास्त काही मिळायला हवं.

ओरिजिनल डिस्चार्ज बुक कुणालाही पाठवू नका. झेरॉक्सवर सही करून द्या. अर्ज स्पीड पोस्टनं, पोचपावती घेऊन थेट पाठवा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जाऊ द्या.

आणि एक विचारतो, राग मानू नका. बुकात आणि पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) मंडळींचं नाव काय आहे?

बावन्न_नंबर

बुकात माहेरचं नाव आहे. लग्नात आमच्या आईनं बदललं, आधारवर बदललेलं आहे. त्याचा इथं काय संबंध?

जुना_बाबू

मेडलशी काही नाही. पण साहेब, उद्या तुम्ही नसलात तर फॅमिली पेन्शनला बँकेत आणि स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर तेच नाव आडवं येणार. स्टार पन्नास वर्षं थांबला, अजून सहा महिने थांबेल. नाव आजच दुरुस्तीला घाला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा काही पुरावा जोडा. त्याची पार्ट टू ऑर्डर निघते आणि मग पीपीओ दुरुस्त होतो. हा अर्ज वेगळ्या पाकिटात. एका अर्जात दोन मागण्या घातल्या की सोपी तेवढी सुटते, दुसरी फाइलला लागते.

ताराराणी_चौक (वकील)

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. तुमचा अर्ज तुमच्या हक्कापुरता आहे. पंचवीस नंबरचा उल्लेख करायची गरज नाही. “मी अमुक काळात पलटणीबरोबर होतो” एवढं सिद्ध करा. स्टार कुणाकडं गेला हे तुम्ही सांगायचं नाही.

पुरावा म्हणून त्या काळात बरोबर असलेल्या जेसीओ (सुभेदार वगैरे) किंवा अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र सगळ्यात वजनदार. घरी जुनं पत्र असेल तर तेही शोधा.

उत्तर नकाराचं आलं तर मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये सहा महिन्यांत जाता येतं. उत्तरच आलं नाही तर अर्जानंतर सहा महिने वाट बघायची आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला तरी कारण पटलं तर ट्रायब्युनल माफ करू शकतं. पण आधी लेखी अर्ज पाहिजेच, तोंडी विचारणा मोजत नाहीत.

जुना_बाबू

वकीलसाहेब, थोडं वेगळं मत. पंचवीसचं नाव घेऊ नका हे बरोबर. पण दुसरी शक्यता खरी निघाली तर स्टार गेला कुठं हे रेकॉर्डवाले विचारणारच. तेव्हा खोटं लिहू नका साहेब. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प. माझ्या बघण्यात तरी विधवेकडून स्टार काढून आणायला कुणी गेलेलं नाही.

बावन्न_नंबर

दहा दिवसांनी लिहितोय.

पत्र सापडलं. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली. १९७१ चं इनलँड. पाठवणाऱ्याच्या जागी माझा पूर्ण नंबर, नाव, कंपनी आणि ९९ एपीओ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची फौजी टपाल, पश्चिमेला आणि काश्मीरला ५६. गावाचं नाव लिहायची बंदी होती, म्हणून आत जमालपूर कुठंच नाही. “मी खुशाल आहे, म्हैस विकू नका” असं आहे. म्हैस विकलीच होती.

गुरुवारी सीबीएसवरनं गारगोटीची एसटी धरली, पुढं वडापनं गाव. वहिनी घरीच होत्या. तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं. मी म्हटलं, सहज आलो. बोलता बोलता स्टारचा विषय काढला तर त्या आत जाऊन तांब्याच्या डबीत ठेवलेला घेऊन आल्या. रिबन जवळजवळ पांढरी पडलीय. दर खंडेनवमीला विळा, कोयता, कुदळीबरोबर हा पूजेला असतो, आणि आदल्या दिवशी चिंच आणि राखेनं घासतात. पाची टोकं बोथट झालीत. मी चष्मा काढून, मग घालून, दारात उजेडाला धरून नंबर बघितला. पहिले २७ लागतात. ते तर आमच्या सगळ्यांचेच आहेत. पुढं घासून गुळगुळीत. शेवटी एक आकडा आहे, तो मला दोन वाटला. घरातला पोरगा म्हणाला पाच.

वहिनी म्हणाल्या, “तुमचाबी असाच असंल नव्हं?”

मी होय म्हटलं. चहा घेतला, त्यांनी फडक्यात दोन मापटी तांदूळ बांधून दिले, आणि शेवटच्या एसटीनं परत आलो.

बाबू साहेब, त्यामुळं कोणती शक्यता ते स्टार सांगत नाही, आता लॉन्ग रोलच काय ते सांगेल. सोमवारी तीन पाकिटं स्पीड पोस्टनं पाठवली. माहितीच्या अधिकाराचं एक, मेडलचं एक (डुप्लिकेट शब्द नाही, पंचवीसही नाही), आणि मंडळींच्या नावाचं एक. प्रतिज्ञापत्रावर सही करताना मंडळी म्हणाल्या, हे नाव मी पन्नास वर्षांत लिहिलंच नव्हतं. माहेरचं नाव लिहिताना हात अडला त्यांचा.

आमचे तेव्हाचे एक सुभेदार साहेब कऱ्हाडकडं आहेत असं कळलंय. नव्वदीचे आहेत, ऐकू कमी येतं. त्यांच्याकडं येत्या रविवारी जातोय. पोचपावत्या आल्या की इथं टाकतो.