मदत हवी आहे: नेक वेगळी होणारी कार्बन फायबर गिटार, दोनपैकी कोणती?

पर्लकोटापार
नमस्कार मंडळी. कार्बन फायबरची ट्रॅव्हल गिटार घ्यायची आहे, नेक (तारांची लांब दांडी) वेगळी होणारीच. जर्नीची ओएफ६६० आणि क्लोस अशी दोन नावं डोक्यात आहेत. कोणती घेऊ? लाकडाची आता नको. तीन पावसाळ्यांत दोन गिटारी गेल्या. दुसरीचा ब्रिज (बॉडीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा तुकडा) मागच्या अंगाने इतका उचलला आहे की खाली पोस्टकार्ड सरकतं. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी हातात हवी. "आधी साधी घ्या", "आधी शिकून घ्या" असं कृपया सांगू नका, पंधरा वर्षं वाजवतो आहे. फक्त कोणती ते सांगा.

सहातारी_नागपूर
भाऊ, बजेट किती? स्टील की नायलॉन? पिकअप (आवाज अॅम्पला देणारा भाग) पाहिजे की नुसती? अन् नेक निघणारीच काहून पाहिजे, विमानानं फिरता का? जर्नीची ती गिटार मुळात विमानातल्या वरच्या कप्प्यासाठी केलेली आहे. तिची बॅग साधारण २२ बाय १४ बाय ९ इंचाची असते. तुमचं फिरणं कसं आहे ते माहीत नसताना नाव सांगणं म्हणजे पेशंट न पाहता गोळी देणं झालं.

लाकूड_आणि_सरस
लाकडाला दोष देण्याआधी एक विचारतो. ब्रिज उचलला तेव्हा तारा पूर्ण ताणलेल्या होत्या का, आणि गिटार कुठे ठेवली होती? बारा गेजच्या (जाडीच्या) सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो. त्यात उन्हाळ्याची धग लागली की सरस नरम पडतो आणि ब्रिज सुटतो. ही लाकडाची चूक नाही. लाकडी गिटारीला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास लागते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये भिंतींना ओल, म्हणून केसमध्ये आर्द्रता सांभाळणारी पुडी ठेवायची आणि वाजवून झालं की तारा एक-दोन फेरे ढिल्या करायच्या. माझी गिटार वर्ध्यात अठरा वर्षं टिकली आहे. उचललेला ब्रिज हा दुरुस्त होणारा आजार आहे. गरम करून काढायचा, जुना सरस खरवडायचा, नवा लावून क्लॅम्पमध्ये दाबून ठेवायचा. तेवढ्यासाठी गिटार फेकू नका.

पर्लकोटापार
बजेट साठ हजार. स्टील. पिकअप नको. विमानाने नाही, मोटरसायकलने. गिटार शाळेच्या खोलीत असते, वर पत्रा. पुडी वगैरे सगळं करून झालं आहे, सर. पत्र्याखाली मे महिन्यात पुडी दोन दिवसांत वाळते. जर्नी की क्लोस?

बेसवाला_पुणे
यामाहाची सायलेंट गिटार बघा, एसएलजी२००एस. तिला पोकळ बॉडीच नाही, बाजूची फ्रेम निघते आणि सगळं एका बारीक बॅगेत मावतं. मी चार वर्षं वापरतोय. हेडफोन लावला की शेजाऱ्यांना त्रास नाही, रात्री दोनलाही सराव होतो. प्रवासासाठी याहून चांगलं काही नाही.

सहातारी_नागपूर
बेसवाले दादा, ते शाळेत वाजवून रायले. वर्गात तीस पोरं असतील तर हेडफोन कोणाकोणाला लावतील? सायलेंटचा आवाज अॅम्पशिवाय दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही.

बेसवाला_पुणे
शाळेत वाजवतात हे त्यांनी लिहिलंच नव्हतं, "शाळा उघडायच्या आधी" एवढंच होतं. बॅटरीवरचा छोटा अॅम्प घ्या ना मग, त्यात काय.

खंजिरीवाला_मोझरी
गुरुजी, आमच्याकडे राष्ट्रसंतांची खंजिरी आहे. हवेचा तरास तिलेही होते. श्रावणात चामडं ढिलं पडते, मंग भजनाच्या आधी कोळशाच्या शेगडीवर शेकावं लागते. शेकताना लय जवळ धरू नये, हात लावून पाहत जावं. जास्त तापलं तं चामडं काठावरून फाटते. लेकरांले खंजिरी शिकवून पाहा, किंमत कमी अन् पेटीसंगं जमते.

ताई_गोंदिया
भाऊ, शेकायची रीत चांगली सांगितली, पण त्यांनी गिटारीचं विचारलं आहे. कार्बनवाल्या गिटारीला शेकोटी दाखवू नका कोणी. तिच्यात एपॉक्सी रेझिन असतं, कार्बनचे धागे धरून ठेवणारं. पाऊस आणि दमट हवा तिला काही करत नाही, लाकडासारखी फुगत नाही की आकसत नाही. पण बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी ठेवली तर रेझिनला आणि ब्रिजच्या जोडाला धोका असतोच. पत्र्याखाली ठेवत असाल तर पत्र्यालगतच्या फळीवर नको, खाली जमिनीजवळ ठेवा.

आणखी एक, हे दुकानदार सांगत नाहीत. स्टीलची तार उन्हात लांबते, कार्बनची बॉडी जवळपास जागची हलत नाही. म्हणून सकाळी लावलेली गिटार दुपारी कानाला कळेल इतकी उतरते. लाकडी गिटार तारेबरोबर थोडीफार सरकते, तिथे हे कमी जाणवतं. गिटार बिघडली असं समजून पेगला (तारा पिळायच्या खुंट्यांना) फार पिळू नका.

पर्लकोटापार
ताई, धन्यवाद. हे मला माहीत नव्हतं.

तारखोल_यवतमाळ
मी नेक निघणारी वापरली आहे, दोन वर्षं, म्हणून बोलतो. घेऊ नका. बोल्टची होती. दर वेळी तारा ढिल्या करा, नेकवरच्या तिसऱ्या पट्टीवर कॅपो (तारा दाबणारा चिमटा) लावून तारा धरून ठेवा म्हणजे पेगवरून सुटत नाहीत, मग चार बोल्ट खोला. जोडताना हेच उलटं, वर पुन्हा सूर लावा. दहा मिनिटं जातात. सहा महिन्यांत नव्वद टक्के वेळा मी ती जोडलेलीच घेऊन फिरायला लागलो. एक बोल्ट अर्धवट पिळला गेला तर वरच्या पट्ट्यांवर तार खडखडते. जोड म्हणजे बिघाडाची एक जागा वाढली. एन्याची नोव्हा गो घ्या, ३५ इंची, कार्बन कॉम्पोझिट, एकसंध, तुमच्या साठ हजारांत आरामात बसेल. 'लाव्हा मी' नावाची गिटारसुद्धा तशीच एकसंध.

सहातारी_नागपूर
सगळ्या जोडणाऱ्या गिटारी बोल्टच्या नसतात. जर्नीला पाना लागत नाही, हातानं निघते. क्लोसला बोल्ट आहेत, हे खरं. क्लोसच्या हायब्रिडमध्ये बॉडी कार्बनची अन् नेक लाकडाची असते. गुरुजींनी हे जरूर पाहावं, नाही तं लाकूड नको म्हणून घ्यायची अन् नेमकी नेकच लाकडाची यायची.

तारखोल_यवतमाळ
हाताने निघते म्हणजे हाताने ढिलीही होते. मोटरसायकलवर एकसंध गिटार पाठीला लावली की झालं. बाकीचा सगळा खर्च कशासाठी?

लाकूड_आणि_सरस
तारखोल यांच्याशी मी सहमत आहे. आणि कार्बनला तडा गेला तर गावातला सुतार काही करू शकणार नाही. तिथे फेव्हिकॉल चालत नाही, एपॉक्सी आणि कापडाचं काम असतं. घासताना नाकावर मास्क हवा, ती धूळ छातीत जाता कामा नये.

पर्लकोटापार
मंडळी, बहुतेक मीच नीट सांगितलं नाही. रोजचं असल्यामुळे लिहायचं सुचलं नाही.

मी भामरागड तालुक्यात शिकवतो. मूळचा हिंगणघाटचा, सध्या सुट्टीत घरी आहे. आलापल्लीहून एसटीने किंवा काळी-पिवळीने भामरागड, तिथून मोटरसायकल. सडक संपली की साडेतीन किलोमीटर बांबूच्या रानातली पायवाट. गाडी त्यावरून जाते, पण बांबू दोन्हीकडून वाकलेले असतात. गिटार पाठीला लावली की तिचं डोकं माझ्या डोक्याच्या वर येतं. मागच्या वर्षी एका बांबूत ते अडकलं, मी गाडीसह पडलो आणि दोन पेग वाकले. पुढे नाला आहे. पावसाळ्यात तो डोंग्याने ओलांडावा लागतो. डोंगा म्हणजे कोरलेलं एकच लाकूड, तळाला नेहमी बोटभर पाणी. बसायचं तर उकिडवं आणि मध्यभागी. पाठीला लांब काही असलं की डोंगेवाला आजोबा चढू देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, तोल जातो. म्हणून बॅग पायाशी त्या पाण्यात ठेवावी लागते. पहिली गिटार तिथेच भिजली.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच रस्ता बंद होतो. मग आहे ते घेऊन तिकडेच राहायचं, दुरुस्ती वगैरे काही नाही.

गिटार कायमची शाळेतच का ठेवत नाही, असं कोणी विचारेल. खोली गळते, आणि शनिवारी दुसऱ्या पाड्यावरच्या मुलांकडे जातो. पोरं घरी माडिया ही आदिवासी बोली बोलतात, पहिलीत मराठी ऐकून गप्प बसतात. गाणं लागलं की बोलतात. एक मुलगी जुलै ते सप्टेंबर एक शब्द बोलली नव्हती. माडियातल्या आकड्यांना मी दोन कॉर्ड लावले तर सातव्या आकड्यावर तिने मला दुरुस्त केलं, माझा उच्चार चुकत होता. त्या दिवसापासून ती बोलते. मला गिटार तिथे न्यायचीच आहे, आणि कोरडी न्यायची आहे.

तारखोल_यवतमाळ
गुरुजी, माझं वरचं सगळं मागे घेतो. डोंग्यात ३५ इंची नको. नेक निघणारीच घ्या. दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या.

खंजिरीवाला_मोझरी
गुरुजी, नमस्कार तुमाले. लेकरांले माह्या आशीर्वाद सांगा.

ताई_गोंदिया
मग पाण्याचं बघू. कार्बन भिजल्याने काही होत नाही, पण पेग, पेगचे स्क्रू आणि तारा गंजतात. कोटिंगच्या तारा लावा, महाग पडतात पण दमट हवेत जास्त टिकतात. पिकअप नको म्हणालात ते बरंच आहे, पाण्याने आधी तेच मरतं. आणि गिटारीच्या बॅगेवर भरवसा ठेवू नका. वॉटरप्रूफ लिहिलेली असली तरी चेनमधून पाणी जातं. तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग लागेल, राफ्टिंगवाले वापरतात ती.

मापाचा हिशोब असा करा. १४ आणि ९ इंचाच्या बॅगेचा घेर ४६ इंच होतो. म्हणजे ड्राय बॅग चपटी पसरली तर निदान २३ इंच रुंद हवी, जरा सैल म्हणून २५. लांबी २२, अधिक जाडीचे ९, अधिक तोंड तीन-चार वेळा गुंडाळायला सात-आठ. चाळीसच्या खाली घेऊ नका.

बेसवाला_पुणे
निळा प्लॅस्टिकचा ड्रम? फिरकीच्या झाकणाचा. आत पाणी जात नाही.

पर्लकोटापार
ड्रम आहे घरी, आत्ताच मोजला. तोंड १३ इंच. १४ ची बॅग जाणार नाही. आणि डोंग्यात गोल वस्तू लोळते.

सहातारी_नागपूर
आता पैशाचं. जर्नी किंवा क्लोस बाहेरून मागवली तर किमतीवर भाडं, कस्टम ड्युटी अन् त्यावर आयजीएसटी. जर्नीची ती गिटार तिकडेच हजार डॉलरच्या वर आहे. साठ हजारांत ती बसत नाही, हे स्पष्ट सांगतो. कुरिअरवाले केवायसीची कागदपत्रं मागतात, ती तयार ठेवा. पत्ता भामरागडचा देऊ नका, हिंगणघाटचा द्या. अन् जूनच्या शेवटापर्यंत येईल असं धरून चालू नका.

पर्लकोटापार
समजलं. मग दिवाळीपर्यंत थांबून पैसे वाढवतो. डाव्या हाताची असली की किंमत जास्त पडते का?

सहातारी_नागपूर
तुम्ही डावखुरे आहात?

पर्लकोटापार
हो. लिहायचं राहिलं.

लाकूड_आणि_सरस
अहो सर, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! उजवी घेऊन तारा उलट्या लावणार असाल तर नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बदलावा लागेल, कारण जाड तारेची खाच बारीक तारेला मोठी पडते. सॅडलचा (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीचा) तिरपा बसवही उलटा होतो, त्यामुळे वरच्या पट्ट्यांवर सूर चुकतो. कटअवे (वरच्या पट्ट्यांपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेला काप) असला तर तो चुकीच्या बाजूला येतो. लाकडी गिटारीत आतल्या आधाराच्या पट्ट्याही एका बाजूला जास्त असतात.

डावा_अकोला
मी उजवी गिटार तशीच उलटी धरून वाजवतो, तारा न बदलता. बारीक तार वर. कॉर्ड नव्याने शिकावे लागतात, पण मग जगातली कोणतीही गिटार आपली.

ताई_गोंदिया
पंधरा वर्षांचा हात बदलायला सांगू नका, भाऊ. गुरुजी, दोन्ही कंपन्यांना आधी ईमेल करा. डाव्या हाताची कार्बनची आहे का, नसेल तर नट आणि सॅडल उलटे बसवून देतील का, एवढे दोनच प्रश्न. आणि पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचा खोका करा, २२ बाय १४ बाय ९. तो पाठीला बांधून गाडीवर बसून पाहा.

लाकूड_आणि_सरस
आणि जूनसाठी ती पोस्टकार्डवाली गिटार माझ्याकडे आणा. वर्धा तुम्हाला जवळ आहे. ब्रिज बसवून देतो, पैसे नको. दोन दिवस क्लॅम्पमध्ये राहील.

पर्लकोटापार
सर, गुरुवारी येतो. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

ताई, खोका केला. पंख्याचा आणि मिक्सरचा पुठ्ठा जोडून, आत जुन्या गिटारीइतकं वजन म्हणून तांदळाची पिशवी ठेवली. पाठीला बांधून वणा नदीपर्यंत जाऊन आलो. खोक्याची वरची कड खांद्याच्या खाली राहते, हेल्मेट मागे टेकत नाही. मग अंगणात उकिडवा बसून मांडीवर घेऊन पाहिला. मावतो, दोन्ही हात मोकळे राहतात. डोंग्याचा काठ धरता येईल.

दोन्ही कंपन्यांना ईमेल केली आहे. उत्तर आलं की इथेच लिहितो.